ग्राफ्टची थरथर कमी का होते?

प्रश्न : आईच्या दंडात डायलिसिससाठी ग्राफ्ट, म्हणजे धमनी आणि शीर जोडणारी कृत्रिम नळी, बसवून वर्ष झालं. आता डॉपलर तपासणीत (रक्तप्रवाहाच्या सोनोग्राफीत) ‘शिरेच्या जोडाजवळ अरुंद’ असं आलंय. नळी तर कृत्रिम, मग ती अरुंद कशी होते? घरी आधी कळू शकतं का?

उत्तर : नळी स्वतः सहसा अरुंद होत नाही. ती शिरेला जिथे शिवलेली असते तो जोड आणि त्याच्या पुढची शीर, खरं दुखणं तिथे असतं. पीटीएफई या प्लास्टिकची 6 मिमी व्यासाची नळी ताठ असते, शीर मऊ. नळीतून मिनिटाला साधारण एक लिटर रक्त धमनीच्या जोराने येतं आणि जोडाशी तिरकं आदळतं. समोरच्या भिंतीवर मार बसतो, तर टाक्यांच्या कडेला रक्त भोवऱ्यात अडकून मागेपुढे हेलकावतं. शिरेच्या अस्तराला एका दिशेने वाहणारा प्रवाह मानवतो, हे हेलकावे नाहीत. त्याला उत्तर म्हणून तिथल्या पेशी वाढतात आणि आतून थर चढत जातो. व्यास निम्मा झाला की वाट चौथाई उरते. तेवढंच रक्त तिथून जायचं तर वेग चौपट होतो, पुढे आणखी खळबळ माजते आणि थर आणखी वाढतो. ही पेशींची वाढ आहे, गुठळी नव्हे. म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळीने ती विरघळत नाही. सहसा शिरेत बारीक फुगा (बलून) घालून, तो फुगवून वाट रुंद करावी लागते, आणि ती पुन्हा अरुंद होऊ शकते.

घरी रोज सकाळी ग्राफ्टवर बोटं हलकी ठेवा. सलग, मऊ थरथर हवी. थरथर जाऊन नाडीसारखा कडक ठोका लागला, तर पुढे अडथळा आहे असं समजा. सुई काढल्यावर 10 मिनिटांहून जास्त रक्त येणं, हात सुजणं, मशीनवर शिरेकडचा दाब दर खेपेला चढत जाणं, याही खुणाच. केंद्रात मोजलेला ग्राफ्टचा प्रवाह मिनिटाला 600 मिलीच्या खाली गेला किंवा हजाराच्या आत असून चार महिन्यांत 25 टक्क्यांहून जास्त घटला, तर तपासणी लांबवू नये. मशीन मिनिटाला 300 ते 400 मिली रक्त ओढतं. ग्राफ्टचा प्रवाह त्याच्या आसपास आला की शुद्ध झालेलंच रक्त पुन्हा मशीनमध्ये शिरतं.

त्या हातावर बीपीचा पट्टा बांधू देऊ नका, त्या कुशीवर झोपू नका. डायलिसिसनंतर रक्तदाब फार उतरला की प्रवाह मंदावतो आणि अरुंद जागी गुठळी धरते. थरथर पूर्ण थांबली, तर पुढच्या डायलिसिसची वाट न पाहता त्याच दिवशी केंद्राला कळवा.