‘पिशवी काढून टाका’ म्हणाले, तर आधी काय विचारायचं

ताई, तुमचं सगळं नीट वाचलं. वय ३५, दोन मुलं, दुसऱ्या बाळंतपणातच मुलं बंद करण्याचं ऑपरेशन झालेलं. तीन वर्षांपासून पाळी नऊ-दहा दिवस चालते, रक्ताच्या गाठी पडतात, हिमोग्लोबिन ७.४. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या देऊन ‘बायकांना एवढं असतंच’ म्हणत परत पाठवलं. दुसऱ्यांनी सोनोग्राफीत ‘बल्की युटेरस’ वाचलं आणि ‘मुलं झालीत ना, मग पिशवी काढून मोकळ्या व्हा’ असं सांगितलं. घरचे म्हणतात दिवाळीच्या सुट्टीत उरकून घेऊ. आणि तुम्ही विचारताय, काढू की नको?

माझं मत आधीच सांगते: आत्ता नको. कधीच नको असं नाही. काही जणींना ती शस्त्रक्रिया खरंच लागते आणि त्यानंतर त्या सुखाने जगतात. पण तुमच्या दोन्ही डॉक्टरांनी एक गोष्ट केलेलीच नाही, ती म्हणजे एवढं रक्त का जातंय हे शोधणं. एकाने त्रास नाकारला, दुसऱ्याने थेट अवयवच काढायला सांगितला. कारण कागदावर आल्याशिवाय तारीख घेऊ नका.

मी डॉक्टर नाही. मला स्वतःला अॅडेनोमायोसिस आहे, म्हणजे पिशवीचं आतलं अस्तर तिच्या स्नायूच्या भिंतीत शिरतं. हे नाव कळायला मला कित्येक वर्षं लागली. त्यानंतर जाऊबाई, मैत्रिणी, ऑफिसातल्या मुली यांच्यासोबत इतक्यांदा दवाखान्यात बसलेय की कुठे गाडी अडते ते आता ओळखता येतं.

आधी त्या ‘बल्की’बद्दल. ते आजाराचं नाव नाही. पिशवी जरा मोठी दिसते एवढंच त्यातून कळतं, आणि बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असतेच. त्यामागे अॅडेनोमायोसिस असू शकतो, फायब्रॉइडची गाठ असू शकते, किंवा काहीच नसू शकतं. सोनोग्राफी पोटावरून केली की आतून, तेही बघा. पोटावरूनच केली असेल तर बारीक पॉलिप, म्हणजे अस्तरातून वाढलेला कोंब, सहज सुटून जातो. लग्न झालेल्या बाईला आतून करायला सहसा अडचण नसते, तशी मागणी करा. आणि तुम्ही दुखण्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही. पाळीत कंबर-ओटीपोट असह्य दुखत असेल, संडासला जाताना किंवा संबंधाच्या वेळी दुखत असेल, तर ते आवर्जून सांगा. एंडोमेट्रिऑसिस, म्हणजे अस्तरासारखा थर पिशवीच्या बाहेर वाढणं, साध्या सोनोग्राफीत बऱ्याचदा दिसत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून दुखणं खोटं ठरत नाही.

स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने, फिगोने, २०११ मध्ये जास्त रक्तस्रावाची कारणं नऊ गटांत लावून दिली. चार गट रचनेतले, म्हणजे सोनोग्राफीत किंवा तपासणीत दिसू शकणारे: पॉलिप, अॅडेनोमायोसिस, फायब्रॉइड, आणि कर्करोग किंवा त्याच्या आधीची अवस्था. बाकीचे मशीनवर दिसत नाहीत. रक्त गोठण्याचा दोष, अंडं वेळेवर न सुटणं (थायरॉइड आणि पीसीओएस, म्हणजे अंडाशयाचा हार्मोनचा बिघाड, इथे येतात), अस्तराचाच बिघाड, एखाद्या औषधाचा किंवा तांबीचा परिणाम, आणि शेवटी कशातच न बसणारे. म्हणून सोनोग्राफीबरोबर निदान सीबीसी (रक्तातल्या पेशी आणि हिमोग्लोबिन), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइड) या रक्ताच्या चाचण्या तरी झाल्या पाहिजेत. पाळीचा ताल बिघडला असेल तर गरोदरपणाची चाचणीही करतात, ऑपरेशन झालेलं असलं तरी. त्याचा राग मानू नका, क्वचित का होईना, ते ऑपरेशन फसतं. वय ४५ च्या पुढे असेल, किंवा वजन, पीसीओएस अशी जोखीम असेल, तर अस्तराचा तुकडा तपासायला घेतात. दोन पाळ्यांच्या मधेच किंवा संबंधानंतर रक्त जात असेल तर पिशवीचं तोंड तपासून घ्यायलाच हवं.

आता हिमोग्लोबिन. खरं सांगायचं तर तुमच्या पोस्टमध्ये मला सगळ्यात जास्त काळजी त्या ७.४ ची वाटली, आणि त्यावर कोणीच बोललेलं नाही. १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षय असलेल्या निघाल्या. सगळ्याच जणी दमलेल्या, म्हणून दमणं हे कोणाला लक्षणच वाटत नाही. जिना चढताना धाप, छातीत धडधड, केस गळणं, खडू-माती-कच्चे तांदूळ खावेसे वाटणं, हे सगळं त्यातलंच. ७.४ वर नुसत्या गोळ्यांनी भरून यायला महिने लागतात, आणि दर महिन्याला पाळीत तेवढंच पुन्हा वाहून जातं. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, ‘मला शिरेतून लोह देता येईल का?’ जिल्हा रुग्णालयातही विचारून बघा. गोळी चालू असेल तर चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौच काळी होईल, घाबरू नका. आणि हेही लक्षात घ्या की ७.४ वर मोठी शस्त्रक्रिया करायची म्हणजे आधी रक्त चढवणं आलं. म्हणजे उद्या काढायची ठरली तरी आधी रक्त वाढवावंच लागणार आहे. तासाला एक पॅड भिजतोय, असं दोन-तीन तास चाललं, चक्कर येतेय, तर मात्र ओपीडीची वाट बघू नका, रात्र असली तरी तातडीच्या विभागात जा.

मधल्या उपायांबद्दल तुम्हाला कोणी सांगितलेलंच दिसत नाही. पहिला, ट्रॅनेक्सामिक अॅसिड. ही हार्मोनची गोळी नाही, ती फक्त पाळीच्या जास्त जाण्याच्या दिवसांत घ्यायची असते, आणि बऱ्याच जणींचं रक्त तिच्याने तिसऱ्या हिश्श्याने ते निम्म्याने कमी होतं. हे औषध १९६० च्या दशकात जपानमध्ये उताको ओकामोतो या डॉक्टरबाईंनी नवऱ्यासोबत शोधलं, बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बायकांसाठी. जगाने ते त्या कामासाठी गंभीरपणे घ्यायला पुढे अर्धं शतक लावलं, हे वेगळं सांगायला नको. पायात किंवा फुफ्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली असेल तर ते चालत नाही, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय मेडिकलमधून आणू नका. दुसरा, हार्मोनच्या गोळ्या. तिसरा, हार्मोनची तांबी. नाव तांबी असलं तरी तिच्यात तांबं नसतं, लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं, आणि ते पिशवीच्या आतच थोडं थोडं सुटत राहतं. साध्या तांबीने रक्त वाढू शकतं, हिने उतरतं, काही जणींची पाळी जवळजवळ बंदच होते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत जास्त रक्तस्रावावर बहुतेक बायकांसाठी हाच पहिला पर्याय ठेवलाय. मोठ्या गाठी असतील किंवा पिशवीचा आकार वेडावाकडा असेल तर मात्र ती बसत नाही.

माझ्यात तीच आहे. पहिले तीन-चार महिने रोज थोडं थोडं डाग लागत राहिलं आणि जीव नकोसा झाला, हे लपवत नाही. अनेक जणी नेमक्या याच टप्प्यावर ती काढून टाकतात, कारण बसवताना कोणी हे सांगितलेलंच नसतं. पुढे थांबलं. ती काही हजारांना पडते, पण शस्त्रक्रियेच्या खर्चाशी आणि सुट्ट्यांशी ताडून बघा.

आणि हे सगळं करूनही जमलं नाही, गाठी मोठ्या निघाल्या, तर काढायचा निर्णय जरूर घ्या. पण तेव्हा एक प्रश्न नक्की विचारायचा: ‘अंडाशय ठेवणार ना?’ पस्तिशीत दोन्ही अंडाशय काढली की दुसऱ्या दिवसापासून पाळी गेलेल्या बाईचं शरीर होतं. हाडं आणि हृदय दोन्हीला त्याचा फटका बसतो. ‘पुढे कॅन्सर नको म्हणून सगळंच काढू’ हे वाक्य कानावर आलं तर तिथून उठून दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. घराण्यात अंडाशयाचा किंवा स्तनाचा कर्करोग असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा त्याची रीतसर तपासणी होते.

तुम्ही जामखेडकडच्या म्हणून हेही लिहिते. शेजारच्या बीडमध्ये काय झालं ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत असेल. ऊसतोडीला गेलेल्या बाईचा एक खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, फडात ना संडास ना पाणी, आणि पांढरं जातंय म्हणून दवाखान्यात गेली की उत्तर एकच, पिशवी काढा. २०१९ मध्ये ओरड झाल्यावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेव्हाच्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली निघाली. पांढरं जाण्यावर बहुतेक वेळा काही दिवसांच्या औषधाचं काम असतं. त्या ओरडीनंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली. केंद्रानेही अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तीन महिन्यांत लागू करा असं सगळ्या राज्यांना बजावलं. त्यामुळे ‘एवढ्या लवकर का काढताय, कारण काय लिहिणार?’ असं विचारलंत तर तो आगाऊपणा होत नाही. डॉक्टरांना त्याचं उत्तर कागदावर देता आलंच पाहिजे.

आता मुख्य अडचण. तुम्ही लिहिलंय, ‘डॉक्टर ऐकूनच घेत नाहीत’. खरं आहे. पण आतमध्ये काय होतं ते मी अनेकदा बघितलंय. मॅडम विचारतात, ‘किती जातं?’ बाई म्हणते, ‘खूप जातं.’ शेजारून सासूबाई म्हणतात, ‘आमच्या वेळी पण असंच होतं.’ मॅडमचं पेन चालू झालेलं असतं, पुढचा नंबर पुकारला जातो. ‘खूप’ला वजन नाही. म्हणून आकडे न्या. पॅड वापरत असाल तर एक सोपी पद्धत आहे, १९९० पासून डॉक्टर वापरतात: जेमतेम डागलेल्या पॅडला १, मध्यम भिजलेल्याला ५, पूर्ण भिजलेल्याला २०. बारीक गाठीला १, मोठीला ५. एका पाळीची बेरीज १०० च्या वर गेली की जास्त. कापड वापरत असाल तर दिवसात किती वेळा बदललं आणि रात्री उठावं लागलं का, एवढं लिहा. वेगळी वही नको, कालनिर्णयच्या त्या त्या तारखेच्या चौकोनात लिहा आणि दोन महिन्यांची पानं फाडून घेऊन जा. माझ्या जाऊबाईंनी अशी पानं टेबलावर ठेवली, त्यात एका चौकोनात फक्त ‘९, रात्री ३, चादर’ असं लिहिलं होतं. मॅडमनी चष्मा लावून वाचलं आणि पहिल्यांदाच विचारलं, ‘चक्कर येते का?’

पहिलं वाक्य त्रासाचं नको, कामाचं असू दे: ‘या त्रासाने माझे महिन्याचे चार दिवस बुडतात, मला कारण शोधायचंय.’ सोबत कोणाला न्यायचं असेल तर मधे न बोलणारी व्यक्ती न्या. नवरा येत असेल तर फारच चांगलं, पण तपासणीच्या वेळी बाहेर. काही गोष्टी माणसांसमोर तोंडातून निघत नाहीत.

कागदांचंही सांगते. तुमच्या तपासणीचे कागद तुम्ही मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असा वैद्यकीय परिषदेचा नियम आहे. ‘फाईल इथेच राहते’ म्हणाले तर लेखी अर्ज द्या. आणि सही करताना फॉर्म वाचा. दुर्बिणीने फक्त तपासायला आत घेतलं आणि आईची सही घेऊन पिशवी, अंडाशय सगळं काढलं, असं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. २००८ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं की शुद्धीतल्या सज्ञान बाईची संमती तिचीच लागते, आणि तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे. तुमची सही तुम्हीच करायची, कोऱ्या फॉर्मवर तर मुळीच नाही.

तुमच्याच प्रश्नाखाली एकीने १४ वर्षांच्या मुलीचं विचारलंय, पहिल्या पाळीपासूनच धो-धो जातं आणि शाळा बुडते. तिला थोडक्यात: ‘लग्न झालं की सुरळीत होईल’ हे कोणाचंही ऐकू नका. नाकातून वारंवार रक्त येतं का, दात काढल्यावर थांबायला वेळ लागला का, जरा लागलं की काळं-निळं पडतं का, हे बघा आणि रक्त गोठण्याच्या चाचण्या मागा. फॉन विलेब्रांड नावाचा रक्त नीट न गोठण्याचा आजार १९२६ मध्ये पहिल्यांदा नोंदला गेला तो फिनलंडच्या एका बेटावरच्या मुलीमुळे. पुढे १३ व्या वर्षी, चौथ्याच पाळीत रक्तस्रावाने ती गेली. आज त्यावर उपचार आहेत. मुलीला आतून सोनोग्राफी करत नाहीत, पोटावरून पुरते, फक्त भरपूर पाणी पिऊन जायचं.

ताई, तुम्ही पुढचा नंबर शक्यतो शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्त्रीरोग ओपीडीत लावा, सकाळी लवकर. रांग मोठी असते आणि खेकसतात, पण तिथे एका शस्त्रक्रियेवर कोणाचं बिल अडलेलं नसतं आणि एकाच आवारात सगळ्या तपासण्या होतात. जाण्याआधी सोनोग्राफीचा रिपोर्ट नाव झाकून इथे टाका. अस्तराची जाडी किती मिमी लिहिलीय आणि सोनोग्राफी पाळीच्या कितव्या दिवशी केली, तेही सांगा.