ढोल घरी ठेवा, रेनकोट घ्या

2025 च्या सप्टेंबरात राजगीरला आपण कोरियाला 4-1 असं हरवून हॉकीचा आशिया चषक घेतला आणि 2026 च्या विश्वचषकात थेट जागा मिळवली. तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूरच बदललाय. एरवी अष्टविनायक, चारधाम, फार तर दुबई. आता विचारणा आम्स्टेलवेन आणि वाव्रची. ऑगस्टमधला हा विश्वचषक नेदरलँड्स आणि बेल्जियम मिळून भरवतायत आणि ही त्यांची दोन मैदानं. यजमान तेच असल्यामुळे स्टँडमध्ये गर्दीही त्यांचीच असणार. आपण पाहुणे. त्या हिशेबानं बॅग कशी भरायची, एवढंच आज.

ताई, मी आणि माझे बाबा दोघंच निघालोय. बाबा एकाहत्तर वर्षांचे. खडकीच्या कारखान्यात नोकरी केली, कारखान्याच्या संघातून हॉकीही खेळले. परदेशी पहिल्यांदाच चाललेत. आई रोज बॅगेत दोन वस्तू टाकते आणि बाबा रात्री त्यातली एक काढून ठेवतात. नक्की काय न्यायचं? – एक वाचक, खडकी

आईंना सांगा, बॅगा दोन करा. मोठी बॅग हॉटेलात राहणार आहे, तिच्यात त्यांना हवं ते भरू दे. भांडण करायचंच तर छोट्या बॅगेवरून करा, जी खांद्याला लावून तुम्ही स्टँडमध्ये जाणार. ती आधी भरायची. लोक उलटं करतात. चार सुटकेसा गच्च भरतात आणि मैदानावर जाताना हातात फक्त मोबाइल असतो.

स्टँडमध्ये किती वेळ बसणार ते आधी मोजा. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर, मध्ये दहा मिनिटांची विश्रांती, पेनल्टी कॉर्नरला (गोलजवळच्या चुकीबद्दल मिळणारा फटका) घड्याळ थांबतं ते वेगळं. एक सामना साधारण दीड तास खातो. पण विश्वचषकात एका मैदानावर एका दिवसात एकाहून अधिक सामने असतात आणि तुमचे बाबा आपला सामना संपला म्हणून उठतील असं मला वाटत नाही. खडकीची माणसं मी ओळखते. जर्मनी-अर्जेंटिना चालू असताना त्यांना चहाला उठवून दाखवा! म्हणजे चार-पाच तास, प्लास्टिकच्या खुर्चीवर, उघड्या हवेत.

ऑगस्ट तिथला उन्हाळा, पण त्या शब्दावर विसंबू नका. दुपारी बावीस अंशांच्या आसपास, संध्याकाळी तेरा-चौदापर्यंत उतरतं, वर वारा. पाऊस आपल्यासारखा दिवसभर मुक्काम ठोकत नाही, येतो, अर्धा तास भिजवतो, जातो, परत येतो. छत्री नकोच. स्टँडमध्ये छत्री उघडली की मागच्या तीन रांगांचा सामना गेला, आणि बऱ्याच स्टेडियमवर ती गेटवरच काढून घेतात. टोपी असलेला, पातळ, घडी करून मुठीत मावेल असा रेनकोट घ्या, दोघांना दोन. बाबांना माकडटोपी घेऊ द्या, हसू नका. मोज्यांचा एक जादा जोड प्लास्टिकच्या पिशवीत. ओल्या पायांनी चौथा क्वार्टर बघणं यासारखी शिक्षा नाही.

निळी जर्सी घेताना एक साइझ मोठी घ्या. नाहीतर थंडी वाजली की वर स्वेटर चढतो आणि निळा रंग जातो आत. मग चार हजार केसरी डच जर्सींमध्ये तुम्ही भारताचे, हे कळणार कुणाला? स्वेटर आत, जर्सी बाहेर.

बाबांच्या पाठीसाठी दुमडता येणारी फोमची गादी, ट्रेकिंगला नेतात तसली. वजन काहीच नाही. दुर्बीण असेल तर तीही. खेळ चालू असताना तिचा उपयोग शून्य, चेंडू इतक्या वेगानं जातो की तुम्ही रिकामं मैदानच बघत बसाल. पण मैदान 91 मीटर लांब असतं, आणि पलीकडच्या गोलवर आपल्याला पेनल्टी कॉर्नर मिळाला की फटका मारणारा हरमनप्रीत कुठे उभा आहे, चेंडू थांबवायला कोण वाकलंय, हे दुर्बिणीतून बघण्यात मजा आहे. कारखान्याच्या संघातून खेळलेल्या माणसाला तर नक्कीच.

औषधं दोन भागांत, अर्धी तुमच्या हातातल्या बॅगेत, अर्धी बाबांच्या. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, त्यात गोळीचं कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, केबिनमध्येच न्यायची. आपल्या फोनच्या चार्जरची बारीक दोन पिनांची प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसते. तीन पिनांची बसत नाही. बाबांच्या एखाद्या मशीनला तीन पिना असतील तर अडॅप्टर इथूनच घ्या.

विसाबद्दल पत्राच्या शेवटी विचारलंय: तीस हजार युरोंचा विमा लागतो, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि ऑगस्टात सगळं जग युरोपला निघतं. तेव्हा हे वाचून झाल्यावर लगेच.

आता बाबांसाठी. आम्स्टेलवेनचं वागेनर स्टेडियम त्यांना नव्यानं सांगायला नको. 1973 च्या विश्वचषकाची फायनल तिथेच झाली होती. आपण 2-0 पुढे होतो, डचांनी बरोबरी केली. जादा वेळेत आपल्याला पेनल्टी स्ट्रोक, म्हणजे समोर फक्त गोलरक्षक असा फटका, मिळाला, बी. पी. गोविंदाचा तो हुकला, आणि शेवटी स्ट्रोकवर 4-2 असा चषक गेला. त्या पिढीतल्या माणसांच्या मनातून तो स्ट्रोक अजून गेलेला नाही, दोन वर्षांनी क्वालालंपूरला पाकिस्तानला हरवून चषक आणला तरी. तेव्हा तुमच्या बाबांनी त्या गोलसमोर उभं राहून पंधरा मिनिटं काही बोललं नाही तर घाई करू नका.

आणि ॲमस्टरडॅममध्ये अर्धा दिवस मोकळा ठेवा. 1928 चं ऑलिम्पिक स्टेडियम आजही उभं आहे. 26 मे रोजी तिथे यजमानांनाच 3-0 हरवून आपण पहिलं हॉकी सुवर्ण घेतलं. पूर्ण स्पर्धेत आपल्यावर एकही गोल नाही, आणि ध्यानचंदांचे एकट्याचे 14. तो संघ मुंबई बंदरावरून 'कैसर-ए-हिंद' बोटीनं निघाला तेव्हा निरोप द्यायला तिघंच आले होते म्हणतात. परतला तेव्हा बंदरावर पाय ठेवायला जागा नव्हती. आपण मुंबई-पुण्याची माणसं, त्या तिघांत आपले आजोबा नव्हते याची थोडी लाज वाटली पाहिजे.

ताई, आम्ही कोल्हापूरची पाच पोरं चाललोय. एक ढोल, एक हलगी, शिट्ट्या आणि वीस फुटी तिरंगा न्यायचा बेत आहे. तिरंग्यावर मोठ्या अक्षरांत 'कोल्हापूर' लिहिणार. अजून काय नेऊ? – फुटबॉलच्या गावातले हॉकीवाले

अजून काही नको, यातलंच कमी करा.

शिट्ट्या पहिल्यांदा काढा. हॉकीत पंचाच्या शिट्टीवर खेळ थांबतो. स्टँडमधून शिट्टी वाजली आणि आपलाच बचावपटू क्षणभर थबकला तर? त्या क्षणात गोल होतो. तुमच्या गावात फुटबॉलच्या मैदानावर काय चालतं ते मला माहीत आहे. हॉकीला ते लागू करू नका.

ढोल विमानातून नेणं म्हणजे एका माणसाचं सामानाचं वजन त्याच्यावर ओवाळून टाकणं, आणि एवढं करून तो गेटवर अडवला तर सामनाभर सांभाळत कोण बसणार बाहेर? हलगीचंही तेच. तिकिटासोबत येणारे स्टेडियमचे नियम नीट वाचा, मगच ठरवा. तोवर टाळ्यांचा ठेका बसवा. पाच जणांनी एकसारखा धरला तर पन्नास जण मिळतात. 'अंबाबाईच्या नावानं चांगभलं' शेजारच्या डच आजोबांना पाच मिनिटांत शिकवता येतं, ते खुशीनं ओरडतात.

तिरंग्यावर काहीही लिहायचं नाही. ध्वजसंहितेत स्पष्ट आहे. कंबरेखाली गुंडाळायचाही नाही, खुर्चीवर आसन म्हणून टाकायचा नाही, जमिनीला लागू द्यायचा नाही. वीस फुटी झेंडा वाऱ्यात पाच जणांना आवरेल का आणि मागच्यांना काय दिसेल, याचाही विचार करा. मध्यम आकाराचा, पॉलिस्टरचा घ्या. 2021 च्या डिसेंबरात नियम बदलल्यापासून पॉलिस्टर आणि यंत्रावर बनवलेला चालतो, आणि तो पावसात लवकर सुकतो. काठी नेऊ नका, ती आत सोडत नाहीत. 'कोल्हापूर' लिहायचंच आहे ना? पांढऱ्या मांजरपाटावर वेगळं लिहा आणि कठड्याला बांधा. दोऱ्या घरून न्या, तिथे सुतळी शोधत फिराल.

आणि घसा. पॅरिसच्या ऑलिम्पिकला कोलंबच्या स्टेडियमवर मी ब्रिटनविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना बघितला. आपल्या अमित रोहिदासला दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच लाल कार्ड, पुढची चाळीसहून अधिक मिनिटं दहा जण लढले, आणि मग बरोबरीनंतरच्या शूटआउटमध्ये 4-2 असा विजय. श्रीजेश गोलमध्ये. शूटआउटला माझ्या आजूबाजूच्या निम्म्या लोकांच्या तोंडून आवाज निघत नव्हता, पहिल्या क्वार्टरला सगळा खर्च करून बसले होते. खडीसाखर आणि ज्येष्ठमधाच्या काड्या, छोट्या डबीत, प्रत्येकाच्या खिशात. चौथ्या क्वार्टरसाठी निम्मा आवाज शिल्लक ठेवायचा. आपला संघ शेवटच्या पाच मिनिटांत जीव कसा टांगणीला लावतो हे तुम्हाला माहीत आहे.

मी आम्स्टेलवेनलाच राहते. विश्वचषकासाठी सासू-सासरे, दीर आणि दिरांचे दोन मित्र येतायत. सासूबाई रोज फोनवर विचारतात, काय खाऊ आणू? पेढे, तूप, नारळ, सुकट? काय सांगू? – एक सून

पेढे नाही. बर्फी, खवा, पनीर, तूपही नाही. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून प्रवासी सामानात दुधाचे पदार्थ आणि मांस आणायला बंदी आहे, पाव किलो असो नाहीतर दोन किलो. बेसनाच्या लाडवांतही तूप असतं, मी नेत नाही. ताजी फळं, कढीपत्ता, मिरच्या यांना रोपांचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून तेही सोडा. गंमत म्हणजे नारळ, केळी, अननस, खजूर यांना ते लागत नाही. म्हणून सासूबाईंचा नारळ तिथे चालेल. पण खोबऱ्याच्या वाट्या इथली विमान कंपनीच चेक-इनला घेत नाही, तेल असतं, पेट घेण्याचा धोका.

मासळीला मात्र कायद्याची मुभा आहे. म्हणजे सुकट आणि बोंबील बिनदिक्कत आणता येतील. सासूबाईंना हे सांगायचं की नाही, हे तुमचं घर किती मोठं आहे आणि खिडक्या किती, त्यावर ठरवा.

भाकरवडी, तेलात केलेला चिवडा, शेंगदाण्याची चटणी, गोडा मसाला, मेतकूट, कुळथाचं पीठ, हे आणा म्हणावं. लोणचं चेक-इनमध्ये, दोन पिशव्यांत बांधून. खरं तर तुमच्या गावात एवढी भारतीय वस्ती आहे की तुरीची डाळ नि पोहे कोपऱ्यावर मिळतात. सासूबाईंच्या हातचं जे मिळत नाही तेवढंच मागवा.

स्टेडियमवर डबा नेता येईल का, हेही विचारलंय. बाहेरचं खाणं बहुतेक ठिकाणी आत सोडत नाहीत. स्टेडियम ॲमस्टरडॅमसे बॉसमध्ये आहे, म्हणजे भलंमोठं रान. सामन्याआधी तासभर झाडाखाली चटई टाकून बसा, तिथेच थालीपीठं उरका आणि मोकळ्या हातानं आत जा.

एक सामना आम्स्टेलवेनला आणि पुढचा वाव्रला असेल तर सगळं सामान घेऊन फिरायचं का? – नाशिकहून

नाही. मोठी बॅग ॲमस्टरडॅमच्या हॉटेलात ठेवायला सांगा, परत तिथेच येणार असाल तर बहुतेक जण ठेवतात. ॲमस्टरडॅम ते ब्रुसेल्स वेगवान रेल्वेनं दोन तास, वाव्र तिथून पुढे आग्नेयेला. दोन दिवसांचे कपडे, रेनकोट, पासपोर्ट, झेंडा. सीमेवर दरवेळी तपासतीलच असं नाही, तरी पासपोर्ट हवाच. नेदरलँड्समध्ये बस, ट्राम, रेल्वे सगळीकडे संपर्करहित बँक कार्ड चालतं, वेगळं तिकीट काढायला नको. चढताना टेकवायचं आणि उतरताना आठवणीनं पुन्हा टेकवायचं, नाहीतर जास्तीचे पैसे कापतात. प्रत्येकाचं कार्ड वेगळं लागतं, एका कार्डावर दोघं जात नाहीत. तेव्हा घरातल्या प्रत्येकाचं कार्ड परदेशात चालू आहे का, हे बँकेत जाऊन निघण्याआधीच बघून घ्या.