रिपोर्टमधला कॅल्क्युलस आणि गणितातला कॅल्क्युलस

प्रश्न असा आहे: वडिलांच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'रीनल कॅल्क्युलस' लिहिलंय आणि धाकटी बहीण कॉलेजात कॅल्क्युलस शिकतेय. हा शब्द एकच, की नुसता उच्चार सारखा?

शब्द एकच. लॅटिनमध्ये 'काल्क्स' म्हणजे चुनखडी. त्याला लहानपणा दाखवणारा प्रत्यय लागून झाला 'काल्कुलुस', म्हणजे छोटा खडा. 'रीनल' म्हणजे मूत्रपिंडाचा. डॉक्टरांनी लिहिलंय ते सरळसरळ मुतखडाच. खडे एकाहून अधिक असले की रिपोर्टात 'कॅल्क्युलाय' दिसेल. ते या शब्दाचं लॅटिन अनेकवचन. दगडावरून नाव ठेवायची रीत आपल्याकडेही जुनी आहे. सुश्रुतसंहितेतली 'अश्मरी', म्हणजे मुतखडाच, ही 'अश्मन्', म्हणजे दगड, यावरूनच आली.

आता गणिताकडे. रोमन लोक फळ्यावर खडे मांडून, सरकवून आकडेमोड करत. त्यामुळे लॅटिनमध्ये 'खडे मांडणे' याचाच अर्थ हिशेब करणे असा झाला. (आपणही हिशेब 'मांडतोच'. मला ही जुळणी फार आवडते.) पुढे खडे गेले, पण आकडेमोडीला नाव त्यांचंच राहिलं. कॅल्क्युलेटर त्याच घरातला. जर्मन गणितज्ञ लाइब्निझने 1684 साली आपली नवी रीत लॅटिन निबंधात मांडली, तेव्हा त्याच्या शीर्षकातच 'काल्कुलुस' आहे. तिथे अर्थ एवढाच: गणनाची एक खास पद्धत. हळूहळू ते सर्वसामान्य नाव त्या एका शाखेला चिकटलं.

इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्हीने 1808 मध्ये चुन्यातून वेगळ्या केलेल्या धातूला 'कॅल्शियम' म्हटलं, तेही 'काल्क्स'वरूनच. बहुतेक मुतखड्यांत कॅल्शियम असतं, म्हणून कॅल्क्युलस हे नाव कॅल्शियममुळे पडलं असं वाटू शकतं. पण खड्याचं नाव कितीतरी जुनं आहे, शिवाय सगळे खडे कॅल्शियमचे नसतातही. रसायनशास्त्रज्ञ शेलेने 1776 मध्ये मूत्राशयातल्या खड्यांतच यूरिक आम्ल शोधून काढलं होतं.

राहता राहिला 'कलन'. कॅल्क्युलसला हा प्रतिशब्द ऐकून दोन्हींचं मूळ एकच असणार असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. 'कलन' हा संस्कृत 'कल्' या धातूपासून, म्हणजे क्रियापदाच्या मूळ रूपापासून, आला, आणि धातुपाठात, म्हणजे अशा मूळ रूपांच्या जुन्या यादीत, त्याचा एक अर्थ मोजणे असा दिलेलाच आहे. त्यात खडा कुठेच नाही. ध्वनी जुळला आणि अर्थही जुळला, म्हणून प्रतिशब्द मात्र उत्तम मिळाला.