मॅनिफोल्डच्या पाइपांमागे वेल्डिंगचा टॉर्च पोचत नसेल, तर तेवढा सांधा सोडावा का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनाचा धूर गोळा करून पुढे नेणाऱ्या पाइपांच्या जुडग्याच्या) दोन पाइपांमधल्या सांदीत टिग वेल्डिंगचा, म्हणजे टंगस्टनच्या टोकाने आर्क पेटवणारा, टॉर्च जात नाही, कुठला घ्यावा, हा पहिला. दुसरा तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलाय: मिस्त्री म्हणतात तीन बाजू पक्क्या झाल्यात, मागची बोटभर जागा राहिली तरी चालतं, तर खरंच चालतं का? पहिल्याचं उत्तर देतो, पण लिहायला बसलोय ते दुसऱ्यासाठी. नाही चालत. हेच वाक्य मी २०१४ साली कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऐकलं होतं आणि ऐकून गप्प बसलो होतो.

वर्कशॉप माझ्या थोरल्या चुलतभावाचं. सगळे त्याला दादा म्हणतात, मीही. फिटिंग आणि गिऱ्हाईक तो बघायचा, वेल्डिंग माझ्याकडे. पावसाळ्याच्या तोंडावर एक जीप आली. मालकाने तिच्यात दुसऱ्या गाडीचं टर्बो डिझेल इंजिन बसवलं होतं आणि त्या इंजिनाचा बिडाचा मूळ मॅनिफोल्ड स्टिअरिंगच्या शाफ्टला लागत होता. म्हणून पाइपांचा नवा मॅनिफोल्ड बनवायचा ठरला. ३०४ स्टेनलेसचा सव्वा इंची पाइप, शेड्यूल १०, म्हणजे बाहेरून ४२ मिमी आणि जाडी पावणेतीन मिमी. इंजिनाकडची फ्लँज, म्हणजे बोल्टने आवळायची पट्टी, १२ मिमी साध्या लोखंडाची, त्यामुळे तिथे फिलर (सांध्यात वितळवायची तार) ३०९एल. दादाचा हात फिटिंगमध्ये फार चांगला, हे आजही मान्य करतो. दोन दिवस खपून त्याने चारही पाइप असे वळवून बसवले की शाफ्टपासून चांगलं अंतर राहिलं आणि टर्बो सरळ उभा राहिला. सगळं टॅक करून, म्हणजे ठिपक्याएवढ्या वेल्डने तात्पुरतं जोडून, माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, "मार आता."

दोन आणि तीन नंबरचा पाइप टर्बोच्या फ्लँजजवळ एकमेकांना इतके चिकटले होते की मधे वीस मिलिमीटरही जागा नव्हती. टॉर्चची मागची टोपी तीन नंबरला अडत होती. मी म्हटलं, "दादा, तीन नंबर सोडवतो, दोनचा मागचा भाग आधी मारून घेतो, मग परत बसवू." तो म्हणाला, "टॅक तोडलास तर माझा अँगल जाईल. पोचायचं काम तुझं. नाहीच पोचला हात तर सोड की तेवढं. तीन बाजू पक्क्या हायत, चौथी कोण बघतंय?"

मी सोडलं. नुसतं सोडलं नाही, दोन्ही कडांनी फिलर ओढून तोंड मिटल्यासारखं दिसेल असं केलं. आत १४-१५ मिलिमीटर जागा कोरी होती. हे लिहायला मला बारा वर्षांनीही जड जातं.

तीन महिन्यांनी त्या मालकाचा संध्याकाळी फोन आला. राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाटात उतरले होते, परत चढताना इंजिनातून टक-टक असा आवाज सुरू झाला, मग गाडी ओढेना आणि जळल्याचा वास यायला लागला. फुटलेल्या सांध्यातून गरम धूर थेट वायरिंगच्या जुडग्यावर जात होता. त्यांनी वेळेवर गाडी बाजूला घेऊन बंद केली. सोबत त्यांची दोन मुलं होती. आम्ही रात्री टेम्पो घेऊन गेलो आणि जीप ओढून आणली.

दुसऱ्या दिवशी मॅनिफोल्ड उतरवला. जिथे मी जागा सोडली होती तिथून दोन्ही बाजूंना तडा गेला होता, घेराच्या जवळजवळ एक तृतीयांश. तडा वेल्डच्या मधोमध नव्हता, माझं वेल्ड जिथे संपलं त्या दोन टोकांपासून निघाला होता. मिस्त्रींना हेच सांगा. न मारलेली जागा म्हणजे नुसतं भोक नसतं, तुम्ही स्वतः करून दिलेला तडा असतो. पूर्ण गोल वेल्ड असलं की ताण घेरभर वाटला जातो. मधे खंड पडला की सगळा ताण वेल्डच्या टोकाशी गोळा होतो. स्टेनलेस तापल्यावर साध्या लोखंडाच्या दीडपट फुगतं आणि उष्णता पुढे नेण्यात मात्र त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही, त्यामुळे एक भाग लालभडक आणि शेजारचा त्यामानाने गार असं सतत चालतं. घाट चढताना डिझेलचा धूर सहज सहा-सातशे अंशांवर जातो. गाडी तापली, निवली, तापली, निवली, आणि प्रत्येक वेळी ती फट थोडी उघडते, थोडी मिटते. टर्बोचं वजन खाली लटकलेलं असतंच.

दादाला त्यावर बाहेरून अजून एक थर चढवायचा होता. मी मॅनिफोल्ड पोत्यात बांधला आणि मामांकडे गेलो.

मामा साखर कारखान्यांच्या बॉयलरवर काम करायचे. गाळप संपलं की ऑफ सीझनला बॉयलरच्या नळ्या बदलायची कामं निघतात. तिथे नळ्यांच्या रांगा इतक्या दाट असतात की मागच्या बाजूला डोकं जात नाही, टॉर्च जेमतेम जातो. आणि तिथे "सोड तेवढं" म्हणायची सोय नाही. वेल्डर आयबीआर, म्हणजे भारतीय बॉयलर नियमावलीची, परीक्षा पास लागतो आणि पाण्याची चाचणी दाबाखाली होते. ते लोक आरसा लावून वेल्डिंग करतात. कधी दोघं समोरासमोर बसतात, आपापली बाजू मारतात आणि टोकं जुळवतात. मामांनी तडा बघितला आणि माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "हे तू सोडलंवतंस?" मी हो म्हटलं. ते पुढे काही बोलले नाहीत, कपाटातून दोन आरसे काढले.

दोन दिवस त्यांनी मला नुसते भंगारातले पाइप शेजारी-शेजारी बांधून सरावाला बसवलं. आधी आर्क न पेटवता, आरशात बघत पाइपाच्या मागे पेन्सिलीने रेघ ओढायची. आरशात टॉर्च पुढे नेला की जवळ आल्यासारखा दिसतो, हात पहिल्यांदा उलटाच जातो. मामा म्हणायचे, "हाताकडं बघू नको, पाण्याकडं बघ." वितळलेल्या धातूचं पाणी दिसलं की हात आपोआप जुळतो, हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी उमगलं. आरसा आर्कपासून वीतभर तरी लांब ठेवा, नाहीतर धुराने काळा पडतो किंवा तडकतो. आणि ऑटो हेल्मेट तिथे त्रास देतं. आर्क पाइपाआड असते, सेन्सरला दिसत नाही आणि काच मधेच उजळते. डोळ्याला झटका बसतो. आरशाच्या कामाला साधी दहा नंबरची काळी काच बरी.

तड्याच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचं भोक पाडलं, म्हणजे तो पुढे सरकत नाही. ग्राइंडरच्या बारीक बरने (कापणाऱ्या टोकाने) तडा पूर्ण उकरला, अ‍ॅसिटोनने पुसला, वेल्डला मागून हवा लागू नये म्हणून पाइपात आतून अर्गॉन सोडला आणि आरशात बघून तो सांधा मारला. पुढची चार वर्षं जीप आमच्याकडेच सर्व्हिसला येत होती. दरवेळी मी आधी तिथे हात फिरवायचो. पुन्हा काही झालं नाही.

आता टॉर्च. फार खर्च करू नका. डब्ल्यूपी-९ हा लहान, हवेवर गार होणारा टॉर्च पावणेतीन मिमी पाइपाला पुरतो, लवचिक मानेचा मिळाला तर उत्तम. मागची लांब टोपी काढून आखूड बटणाची टोपी लावा आणि टंगस्टन तेवढंच आखूड करून घ्या. त्याहून महत्त्वाची गॅस लेन्स, म्हणजे जाळीतून गॅस सरळ सोडणारा भाग. साध्या कोलेट बॉडीत (टंगस्टन धरणाऱ्या भागात) टंगस्टन कपाबाहेर, म्हणजे टॉर्चच्या तोंडाबाहेर, सात-आठ मिलिमीटरच्या पुढे काढलं की गॅस विस्कटतो. गॅस लेन्स आणि मोठा कप असेल तर वीस मिलिमीटरपर्यंत बाहेर काढून सांदीत घालता येतं. अर्गॉन हवेपेक्षा जड, त्यामुळे पाइपांमधल्या खोबणीत तो साचून राहतो, हे उलट तुमच्या फायद्याचं आहे. मात्र पंखा बंद हवा. करंट कमी-जास्त करायचं फूट पेडल विसरा, वाकडं होऊन बसल्यावर पाय कुठे असेल सांगता येत नाही. फोर-टी बटण वापरा, एकदा दाबून सोडलं की आर्क चालू राहते, पुन्हा दाबून सोडलं की बंद. आर्क एचएफनेच, म्हणजे टोक न टेकवता ठिणगीनेच, पेटवा, जिथे टोक दिसत नाही तिथे टेकवून उचलायला गेलात तर टंगस्टन चिकटणारच. फिलर १.६ मिमीचा घ्या, सांदीच्या आकाराला आधीच वाकवा आणि सांध्यावर टेकवून ठेवून आर्क त्याच्यावरून न्या. थेंब-थेंब घालायला तिथे हात हलत नाही. दुसरा माणूस पलीकडून फिलर देत असेल तर अजून सोपं.

पण खरं सांगू का, टॉर्च बदलून जेवढं साधतं त्यापेक्षा जास्त टेबलावर क्रम बदलून साधतं. ती अवघड जागा इंजिनाने केलेली नसते, टॅक मारणाऱ्याने केलेली असते. दादाशी माझा हाच वाद होता आणि आजही आहे. चारही पाइप टॅक करून वेल्डरपुढे ठेवणं ही पद्धतच चुकीची आहे. पाइप बसवून बघा, खुणा करा, मग सोडवा. ज्या बाजू नंतर झाकल्या जाणार त्या आधी पूर्ण मारा, मग शेजारचा पाइप आणा. अँगल जाईल ही भीती असेल तर दोन्ही तुकड्यांवरून आडवी रेघ कोरून ठेवा, ती पुन्हा जुळवली की अँगल परत येतो. चार पाइप एकत्र येतात तिथे मधोमध जे चौकोनी भोक राहतं ते पुढचा निमुळता तुकडा (कोन) बसवायच्या आधीच बंद करा, नंतर तिथे कुणाचाच हात जात नाही. आणि फ्लँजशी पाइप दोन-तीन मिमी आत ठेवला तर सांधा बाहेरून न मारता फ्लँजच्या भोकातून, आतल्या बाजूने गोल मारता येतो. मग फ्लँज फेसिंग करून, म्हणजे मशिनवर सपाट करून, घ्यायची. त्या जीपमध्ये आम्ही तेवढं केलं असतं तरी मागच्या बाजूचा प्रश्नच आला नसता. मारताना फ्लँज जाड प्लेटला बोल्टने आवळून ठेवा आणि गार होईपर्यंत सोडू नका.

आतून अर्गॉन सोडणं टाळू नका. दादा म्हणायचा गॅस फुकट जातो. हिशोब करा: सात घनमीटरच्या सिलिंडरमध्ये ७,००० लिटर गॅस. असा आतून गॅस सोडायला (पर्जिंगला) मिनिटाला ४ लिटर धरले तर अर्ध्या तासात १२० लिटर, म्हणजे दोन टक्केही नाही. न सोडल्यास आतून काळी खरखरीत खपली धरते, क्रोमियम जळतं आणि तडा नेमका तिथून सुरू होतो. शिवाय ती खपली सुटून टर्बोच्या पंख्यात जाते ते वेगळंच.

थोडं राहिलं. हे सगळं स्टेनलेस पाइपांसाठी आहे, बिडाचा मॅनिफोल्ड फुटला असेल तर निकेल रॉड आणि आधी तापवणं हा वेगळा विषय. भाग ब्रेक क्लीनरने पुसून वेल्डिंगला घेऊ नका, क्लोरीनवाल्या क्लीनरचा आर्कजवळ विषारी वायू होतो. सांदीत तोंड घालून काम करताना स्टेनलेसचा धूर थेट नाकात जातो, मास्क लावा. गाडीवरच मारणार असाल तर बॅटरी सोडवा. आणि एक गोष्ट दादाच्या बाजूची, ती न सांगणं बरोबर नाही: त्या टर्बोला आम्ही आधाराची ब्रॅकेट दिली नव्हती. तो अजून म्हणतो तडा त्यामुळे गेला. ब्रॅकेट हवी होती, दुरुस्तीच्या वेळी आम्ही लावलीही. पण ब्रॅकेट नसली तरी तड्याला सुरुवात करायला टोक लागतं, आणि ते मी दिलं होतं.

तुमचा मॅनिफोल्ड अजून इंजिनावर चढला नसेल तर आज रात्री दिवे बंद करून पाइपात मोबाइलचा टॉर्च लावा आणि मागून आरसा धरून बघा. केसाएवढा उजेड जरी दिसला तरी फोटो इथे टाका, कुठला पाइप आधी सोडवायचा ते बघून सांगतो.