नामस्मरणाने मरणाची भीती खरंच जाते का?

तुम्ही लिहिलंय की वडील गेल्यापासून रात्री छातीत धडधडतं, आता आपलीच पाळी असं वाटतं. नातेवाईक महामृत्युंजयाचा सव्वा लाख जप करून घ्या म्हणतात, तर त्याने काही होतं का?

मी साताऱ्याचा. मरण टळतं असं काही मी म्हणणार नाही. ज्यांच्या ओढीने आम्ही सज्जनगड चढतो ते समर्थ रामदास 1682 साली तिथेच गेले, आणि गडावर आपण डोकं टेकतो ते त्यांच्या समाधीवर. त्या मंत्रातलं मागणंही बघा: पिकलेली काकडी देठापासून सुटते तसं मला मृत्यूच्या बंधनातून सोडव. शंकराने यमाच्या तावडीतून सोडवलेल्या मार्कंडेयाची गोष्ट सांगून जपाचे दर ठरवणारे हे काही सांगत नाहीत. जप करायचाच तर स्वतः करा.

भीतीवर मात्र उपाय आहे. आमच्या घरी दिवेलागणीला समर्थांचे मनाचे श्लोक व्हायचे. त्यातला सत्ताविसावा असा: 'भवाच्या भये काय भीतोस लंडी । धरी रे मना धीर धाकासि सांडी.' लंडी म्हणजे भित्रा. आजी 'लंडी'वर असा काही जोर द्यायची की आम्ही पोरं खुदकन हसायचो. समर्थ आधी झापतात. दंडधारी यम कोपला तरी रघुनायक उपेक्षा करणार नाही, हा धीर त्यानंतर. मला हा क्रम पटतो. नुसतं गोंजारलं की भीती लाडावते.

आजीच्या देखत तिचे दोन मुलगे वारले, माहुलीच्या संगमावर त्यांना पोचवलं. तेरावं झालं आणि ती पुन्हा समई लावून बसली. आवाज कापायचा, ओळी चुकायच्या, पण रात्री झोपायची. स्वतःच्या शेवटच्या आजारात ती घाबरली नाही असं नाही, दिवा मालवू द्यायची नाही. 'म्हण रे' म्हणायची. आम्ही म्हणायला लागलो की चादरीवरची मूठ सैल व्हायची. देवाचं रक्षण म्हणजे काय, तर मी एवढंच पाहिलंय.

धडधडीचं आधी डॉक्टरांना दाखवा, त्यात देवाचा काही अपमान नाही. मग संध्याकाळी मोठ्याने म्हणा, मनातल्या मनात नको. आईलाही सोबत बसवा, तिलाही भीती असेलच. फक्त सोळावा श्लोक, 'मरे एक त्याचा दुजा शोक वाहे', सध्या वगळलात तरी चालेल. ताज्या घावावर तो फार झोंबतो.