पिस्तुलावर रेड डॉट (नेम धरायला काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट) लावलाय, पण उचलल्यावर डॉटच सापडत नाही, काय करू?

माझंही अगदी हेच झालं होतं. पुण्यात असताना मी १० मीटर एअर पिस्तूल खेळायचो, तिथे आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात रेड डॉट चालतच नाही, साधी उघडी साइट. कोच रोज एकच घोकून घ्यायचे, नजर फ्रंट साइटवर (नळीच्या टोकाजवळच्या खुणेवर), टार्गेट धूसर दिसू दे. मग इकडे टेक्सासला आलो, नाइन एमएमवर डॉट लावला आणि तीच सवय नडली, पिस्तूल वर आलं की मी काचेत डॉट शोधत बसायचो.

डॉट शोधायचा नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि टार्गेटवरच्या एका बारीक जागेकडे बघत राहा, पिस्तूल त्या नजरेच्या रेषेत आणून ठेवायचं, डॉट आपोआप येतो. येत नसेल तर बहुतेक वेळा नळी वर असते म्हणून डॉट काचेच्या वरून निघून गेलेला असतो. अशा वेळी मान हलवू नका, मनगट किंचित खाली करा.

यासाठी घरी ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे गोळीशिवाय सराव करा, रोज १० मिनिटं पुरे. मॅगझिन काढा, चेंबर (नळीत गोळी बसते ती जागा) डोळ्याने बघा आणि बोट घालूनही बघा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि समोरची भिंत गोळी अडवेल अशीच निवडा, हे एकदाही चुकवायचं नाही. मग पिस्तूल छातीपासून अगदी सावकाश पुढे न्या, हात पूर्ण लांब व्हायच्या आधीच डॉट दिसायला हवा.

मला सगळ्यात जास्त फायदा चिकटपट्टीचा झाला. काचेच्या टार्गेटकडच्या बाजूला अपारदर्शक टेप लावायची. आता एका डोळ्याला फक्त डॉट दिसतो, दुसऱ्याला टार्गेट, आणि मेंदू दोन्ही जोडून देतो, पण तुम्ही डॉटकडे बघायला लागलात की समोर नुसती टेप, त्यामुळे चूक जागच्या जागी कळते. मला दोन आठवडे लागले. झिरो करताना, म्हणजे डॉट जिथे तिथेच गोळी लागेल अशी साइट जुळवताना, मात्र टेप काढा.

डॉट थरथरतो म्हणून घाबरू नका, हात आधीही तेवढाच हलत होता, फक्त आता दिसतोय. ३ एमओएचा (एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग) डॉट २५ यार्डांवर जेमतेम पाऊण इंच झाकतो, म्हणून त्याची बारीक थरथरही दिसते. पण तो एका जागी थांबायची वाट बघत ट्रिगर खेचकन ओढलात तर गोळी खाली जाणारच (उजव्या हाताने मारत असाल तर खाली डावीकडे), थरथरू दे आणि ट्रिगर हळू दाबत राहा.

आणि डॉट गोल न दिसता फाटलेल्या चांदणीसारखा दिसतो का? आधी ब्राइटनेस कमी करा. तरी तसाच दिसला तर मोबाइलने काचेतून फोटो काढा, फोटोत गोल आला तर साइट ठीक आहे, बहुतेक तुमच्या डोळ्यालाच सिलिंड्रिकल नंबर असेल, चष्मा लावून परत बघा.