फोन आडवा धरायचा की उभा, आणि हात हलतो त्याचं काय?

तुम्ही विचारलंय की घरचे व्हिडिओ काढताना मोबाईल आडवा धरावा की उभा, आणि हात हलू नये म्हणून काय करावं. मी नाशिकचा, हौस म्हणूनच व्हिडिओ काढतो, पण हे मला एका पुराने शिकवलं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये गंगेला मोठा पूर आला (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो). आमच्याकडे पूर मोजायची पद्धत म्हणजे नदीतली दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती, पाणी कमरेला लागलं की छातीला यावरून सगळं गाव बोलतं. आजीला गुडघ्यांमुळे बाहेर पडता येत नव्हतं म्हणून मी घाटाच्या वरून पाच मिनिटांचा व्हिडिओ काढला आणि घरी टीव्हीवर लावला. उभा काढलेला, त्यामुळे मधे एक पट्टी आणि दोन्ही बाजूंना काळं, १९२० पिक्सेलच्या रुंदीत चित्र जेमतेम ६०८ चं. त्यात मी सारखा इकडून तिकडे फिरवत होतो. आजी म्हणाली, "अरे थांब की जरा, मारुतीला कुठवर लागलंय ते बघू दे." ते कुठेच नीट दिसत नव्हतं, मला फार वाईट वाटलं.

तर नदी, मिरवणूक, पंगत, जे काही रुंदीत पसरलेलं आहे ते आडवं, आणि एकच माणूस, मारुती, रंगपंचमीला रहाडीत (म्हणजे रंगाच्या हौदात) मारलेला धप्पा हे उभं चालतं, स्टेटसलाच टाकायचं असेल तर उभंच बरं. पण ठरवायचं ते बटण दाबायच्या आधी. फोन रेकॉर्डिंग सुरू होताना दिशा पकडतो, मधेच फिरवलात की पुढचं सगळं चित्र कुशीवर पडल्यासारखं दिसतं. आणि ताट किंवा रांगोळी वरून काढताना फोन सपाट असतो तेव्हा त्याला वर कुठलं हेच कळत नाही, म्हणून आधी फोन सरळ धरून स्क्रीनवरची चिन्हं नीट फिरलीत का बघा आणि मग खाली वाकवा.

हाताचं म्हणाल तर दोन्ही हातांनी धरा, कोपरं बरगड्यांना टेकवा, खांब भिंत कठडा मिळाला तर खुशाल टेका. झूम करू नका, झूमबरोबर हातातली थरथरसुद्धा तेवढीच मोठी होते, त्यापेक्षा चार पावलं पुढे जा (पुरात नाही हां!). स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवायची फोनमधली सोय) चालू ठेवा पण बऱ्याच फोनमध्ये ते कडा कापून चित्र स्थिर करतं त्यामुळे फ्रेममध्ये थोडी जागा जास्त सोडा, आणि रात्री विसर्जनाला उजेड कमी असतो तेव्हा त्याच्यावर फार विसंबू नका, शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि हललेलं चित्र धूसर होतं, ते नंतर कशाने सुधरत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एका जागी मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबा, मगच सावकाश पुढे वळा. मी आता प्रत्येक वेळी मोजतोच.

आधीचे असे कुशीवर पडलेले व्हिडिओ असतील तर डिलीट करू नका, गॅलरीत एडिटमध्ये जाऊन फिरवता येतात. उभ्याचा आडवा करायला गेलात तर मात्र वरचं खालचं कापलं जातं.